थेरपी सेंटरची ऑनलाइन नोंद: आधी पायऱ्या मोजा

लिफ्ट होती. पण लिफ्टपर्यंत पोचायला सात पायऱ्या होत्या.

आम्ही नाशिकात जेल रोडहून कॉलेज रोडला रिक्षाने गेलो होतो. मागे मी आणि मुलगी, पायाशी घडी घातलेली व्हीलचेअर, द्वारका चौकात नेहमीचा खोळंबा. सेंटरच्या ऑनलाइन नोंदीत ‘व्हीलचेअर फ्रेंडली’ हे शब्द मी आदल्या रात्री स्वतः वाचले होते. खालून फोन लावला तर रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, ‘काका, वॉचमन उचलून घेतो ना, सगळ्यांना घेतो.’ माझी लेक १९ वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, म्हणजे मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी, शब्द बाहेर पडायला वेळ लागतो. त्या दिवशी मात्र एक शब्द चटकन पडला: ‘घरी.’ रिक्षावाला अजून तिथंच सुट्टे मोजत उभा होता. त्याच रिक्षाने परत आलो.

सेंटरवाल्यांनी मुद्दाम खोटं लिहिलं होतं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या डोक्यात व्हीलचेअर म्हणजे लिफ्ट, आणि लिफ्ट तर होतीच. सात पायऱ्या रोज चढणाऱ्याला दिसत नाहीत.

मी बोर्डवाला माणूस. अशोक स्तंभाजवळ डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान २६ वर्षं चालवलं. आता ते पुतण्या बघतो, आणि मी घरी बसून लोकांच्या गूगल मॅपवरच्या, जस्टडायलवरच्या, प्रॅक्टोवरच्या नोंदी नीट करून देतो. माझ्याकडे येणाऱ्यांत फिजिओ, ओटी (ऑक्युपेशनल थेरपिस्ट, रोजची कामं करायला शिकवणारे), स्पीच थेरपिस्ट, स्पेशल एज्युकेटर, डे केअर चालवणाऱ्या ताई आणि घरी मावशी पाठवणारे ब्युरो जास्त. या नोंदी लिहिण्यापेक्षा वाचण्याचा माझा अनुभव जुना आहे, म्हणून पुढचं सगळं वाचणाऱ्याच्या बाजूने सांगतो.

फ्लेक्स चालत्या गाडीवरून तीन सेकंदांत वाचतात. म्हणून अक्षर मोठं, मजकूर कमी. नोंद वाचली जाते रात्री साडेअकराला, मूल झोपल्यावर, अंथरुणात, मोबाइलचा उजेड कमी करून. वाचणारी आई सिन्नरची असेल, निफाडची असेल, कळवणची असेल. तिला तीन गोष्टी हव्या असतात: माझ्या मुलाला घेतील का, तिथवर पोचता येईल का, परवडेल का. ‘सर्वोत्तम’, ‘अत्याधुनिक’, ‘एकमेव’ हे शब्द ती वाचतच नाही. उद्या एक दिवसाची मजुरी बुडवून, मुलाला कडेवर घेऊन एसटीत बसायचं की नाही, हे ती ठरवत असते.

नाव आणि चावी

नाव बोर्डावर आहे तेच लिहा. ‘अमुक थेरपी सेंटर, बेस्ट ऑटिझम स्पीच थेरपी इन नाशिक कॉलेज रोड’ असली आगगाडी लावू नका. हे मी शहाणपणाने सांगत नाही, पोळून सांगतो. सुरुवातीला एका ताईंच्या नोंदीला मीच असं शेपूट लावलं होतं. काही दिवस बरे गेले, मग गूगलने नोंदच निलंबित केली. ती परत मिळवायला बोर्डाचे फोटो, भाडेकरार, वीजबिल असं सगळं पाठवत बसलो. ताई काही बोलल्या नाहीत, त्याचीच जास्त लाज वाटली. गूगलचा नियम सरळ आहे: जगात जे नाव वापरता तेच. ‘ऑटिझम’, ‘स्पीच’ हे शब्द वर्गवारीत आणि वर्णनात जातात.

वर्गवारी निवडताना मुख्य एकच असते, ती तुमचं रोजचं काम सांगणारी हवी. ओटी असाल तर ऑक्युपेशनल थेरपिस्ट, बोलण्याचं काम करत असाल तर स्पीच पॅथॉलॉजिस्ट. ‘हॉस्पिटल’ निवडल्याने वजन वाढतं असं एक सर मला म्हणाले होते. वजन वाढत नाही, रात्री अपघाताच्या केसचे फोन येतात.

आणि चावी. नोंद कोणाच्या ईमेलवर आहे? दहातल्या निम्म्या वेळी उत्तर असतं, ‘तो एक मुलगा होता, त्याने करून दिली.’ तो मुलगा पुण्याला गेला, नंबर बदलला, आणि तुमच्या सेंटरची जुनी वेळ, जुना पत्ता त्याच्या जीमेलमध्ये अडकला. सेंटरच्या नावाचं एक ईमेल काढा, मालकी त्याच्यावर ठेवा, आणि माझ्यासारख्याला फक्त मॅनेजर म्हणून जोडा. पडताळणीसाठी हल्ली बहुतेकदा व्हिडिओ मागतात: रस्ता, बोर्ड, कुलूप उघडताना, आतली खोली. सगळं एका दमात चित्रित करायचं असतं. आधी एकदा मोबाइल न चालू करता चालून बघा, नाहीतर मधेच शेजारच्या दुकानदाराशी गप्पा रेकॉर्ड होतात.

पत्ता, पिन आणि पायऱ्या

‘कॉलेज रोड, नाशिक’ हा पत्ता होत नाही. तो रस्ता किती लांब आहे ते ज्याने उन्हात व्हीलचेअर ढकलली त्याला विचारा. चौक, इमारतीचं नाव, मजला, आणि कोणत्या दुकानाच्या बाजूने आत वळायचं, एवढं हवं. मुंबई-आग्रा हायवेजवळ असाल तर हायवेची बाजू लिहाच. इंदिरानगरकडून की सिडकोकडून? नकाशावरची खूण, म्हणजे पिन, चुकून पलीकडे पडली तर माणूस बोगद्यातून वळसा घालून येतो, आणि उड्डाणपुलावर चढला तर थेट पुढे निघून जातो. नकाशावरची पिन बहुतेक वेळा इमारतीच्या मध्यावर पडते. ती बोटाने ओढून दारावर आणा. दार मागच्या गल्लीत असेल तर मागच्या गल्लीत.

बाहेरगावच्यांसाठी एक ओळ: सीबीएसला म्हणजे मुख्य बसस्थानकाला उतरून रिक्षाने किती वेळ, नाशिक रोड स्टेशनवरून सिटीलिंकची बस जवळच्या कोणत्या थांब्याला येते, थांब्यापासून किती पावलं. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्यांना एसटीत ७५ टक्के सवलत मिळते, त्यामुळे तालुक्याची माणसं एसटीनेच येतात. तुमची पहिली अपॉइंटमेंट सकाळी नऊची असेल तर सुरगाण्याहून कोणी पोचणार नाही, हेही त्या निमित्ताने तुमच्या लक्षात येईल. एका ओटी मॅडमनी माझ्या सांगण्यावरून लिहिलं, ‘बाहेरगावच्या मुलांना सकाळी ११ नंतरची वेळ देतो.’ मला ही ओळ दोनशे ताऱ्यांच्या बरोबरीची वाटते.

आता पायऱ्या. टेप घ्या आणि खाली उतरा. माझ्या धंद्यात टेपशिवाय कोणी बोलत नाही, थेरपीच्या धंद्यात सगळे अंदाजाने बोलतात. हे मोजा: रस्त्यापासून दारापर्यंत पायऱ्या किती, दाराची मोकळी रुंदी किती, लिफ्टच्या दाराची किती, टॉयलेटच्या दाराची किती. गूगलवर व्हीलचेअरसाठी प्रवेशद्वार, पार्किंग, बसायची जागा, टॉयलेट अशा वेगवेगळ्या खुणा असतात. प्रवेशद्वाराची खूण करायची तर दार साधारण एक मीटर रुंद हवं आणि पायरी नको, पायरी असेल तर कायमचा रॅम्प हवा. गरजेला टाकायची लोखंडी फळी कायमची धरत नाहीत. फळी असेल तर खूण करू नका, वर्णनात लिहा.

रॅम्पचंही माप आहे. एक फूट चढाला बारा फूट लांबी, हे प्रमाण आपल्याकडच्या मार्गदर्शक तत्त्वांत धरलेलं आहे. म्हणजे दीड फुटाच्या ओट्याला अठरा फुटांचा उतार. नाशिकमध्ये दीड फुटाच्या ओट्यावर चार फुटांचं प्लायवुड टेकवून वर निळं चिन्ह चिकटवलेलं मी पाहिलं आहे. ते चिन्ह मीच छापून दिलं होतं. तो रॅम्प नव्हता, घसरगुंडी होती.

जागा भाड्याची आहे, पायऱ्या काढता येत नाहीत, हे सगळ्यांना कळतं. पायऱ्या असल्याचा राग कोणालाच नसतो. ‘पहिला मजला, १४ पायऱ्या, लिफ्ट नाही. व्हीलचेअरवाल्यांसाठी मंगळवारी आणि शुक्रवारी घरी येतो’ असं लिहिणाऱ्या एका फिजिओकडे आम्ही तीन वर्षं होतो. त्यांच्या जिन्याची पहिली पायरीसुद्धा माझ्या मुलीने पाहिलेली नाही.

घरून काम करणाऱ्या किंवा घरोघरी जाणाऱ्या थेरपिस्ट ताईंनी घरचा पत्ता टाकू नये. गूगलवर पत्ता लपवून नुसता सेवाक्षेत्राचा पर्याय निवडता येतो. ‘नाशिक’ एवढं न लिहिता भाग लिहा: पंचवटी, म्हसरूळ, आडगाव नाका. सातपूरला जाणार नसाल तर सातपूर टाकू नका, नाही म्हणायचे फोन वाढतात. आणि सिम वेगळं घ्या.

काय करता, आणि काय करत नाही

इथं लोक सगळ्यात जास्त घसरतात. मला एका ताईंकडून मिळालेला मजकूर असा होता: ‘आमच्याकडे सर्व प्रकारच्या दिव्यांग मुलांसाठी अत्याधुनिक उपकरणांच्या साहाय्याने तज्ज्ञांच्या मार्गदर्शनाखाली माफक दरात सर्वोत्तम उपचार केले जातील.’ यातला कुठलाच शब्द मुद्दाम खोटा लिहिलेला नाही, आणि कुठलाच उपयोगाचा नाही.

‘सर्व प्रकारच्या’ म्हणजे किती ते माहीत आहे का? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये २१ प्रकार आहेत. १९९५ च्या कायद्यात सातच होते. आता यादीत सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, अध्ययन अक्षमता तर आहेतच, पण थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकल सेल हे रक्ताचे आजार, पार्किन्सन, अॅसिड हल्ल्याने आलेलं व्यंगही आहे. पेठकडच्या पाड्यावरून सिकल सेलचं मूल घेऊन कोणी तुमच्या स्पीच सेंटरला आलं, तर काय करणार? तुम्ही त्याला ‘सर्व प्रकार’ सांगूनच बोलावलेलं असतं.

त्याच ताईंचा मजकूर आम्ही दोन दुपार बसून असा केला:

‘२ ते १२ वर्षांच्या मुलांसाठी ऑक्युपेशनल थेरपी आणि स्पीच थेरपी. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, बोलायला उशीर, सेरेब्रल पाल्सी असलेली मुलं येतात. एका वेळी एकच मूल, ४५ मिनिटं. आई किंवा वडील आत बसू शकतात. पहिली भेट दीड तासाची. जुने रिपोर्ट आणा, नसले तरी या. पहिल्या भेटीचे ८०० रुपये, नंतर दर सेशनला ५००. तळमजला, दारात एक पायरी, तिला फळी टाकतो, आधी कळवा. टॉयलेटमध्ये व्हीलचेअर जात नाही. फिजिओथेरपी आमच्याकडे नाही. १२ वर्षांपुढच्या मुलांना घेत नाही. मराठी, हिंदी, अहिराणी बोलतो. रविवारी बंद.’

गूगलच्या वर्णनाला ७५० अक्षरांची मर्यादा आहे, हे त्यात बसतं. वर्णनात फोन नंबर किंवा वेबसाइटची लिंक घालू नका, त्यांना वेगळे रकाने आहेत. ‘अहिराणी’ हा शब्द ताईंना आधी नको होता, गावंढळ वाटेल म्हणाल्या. मालेगाव, सटाणा, कळवणची आजी नातवाला घेऊन येते तेव्हा ती घरी काय घडतं ते अहिराणीतच नीट सांगू शकते, आणि थेरपीचं अर्धं काम घरी काय घडतं यावरच असतं. शब्द राहिला.

‘घेत नाही’, ‘नाही’, ‘जात नाही’ ही वाक्यं लिहायला लोकांचा हात धजत नाही. गिऱ्हाईक जाईल असं वाटतं. जे जाणार ते दारातून परत जाणारच होतं, तेही चिडून. तुम्ही काय करत नाही हे वाचलं की उरलेलं खरं वाटायला लागतं.

फी लिहावी की नाही यावर माझी भांडणं झाली आहेत. ‘प्रत्येक मूल वेगळं, फी कशी सांगणार?’ ठीक आहे, मग पहिल्या भेटीची सांगा, किंवा ‘इतक्यापासून इतक्यापर्यंत’ सांगा. आणि पक्कं बिल देता का ते लिहा. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय या आरोग्य विमा योजनेत स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुविकलांगत्व असलेल्यांना वर्षाला १ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण मिळतं, त्यात थेरपीचाही खर्च मागता येतो. बिल नसलं की आईबापांचा तो पैसा बुडतो. वहीच्या कागदावर लिहून दिलेली पावती कोणी धरत नाही.

शब्दांचाही प्रश्न येतो. वर्णनात ‘मतिमंद’, ‘वेडसर’, ‘पीडित’, ‘ग्रस्त’ नको. ‘बौद्धिक दिव्यांग’, ‘ऑटिझम असलेलं मूल’ असं लिहा. काही जुन्या शाळांच्या नोंदणीकृत नावातच जुना शब्द आहे, तिथं नाव बदलता येत नाही, राहू द्या, पण वर्णनात नवा वापरा. ‘पण लोक जुनेच शब्द टाकून शोधतात’ हा आक्षेप खरा आहे. मग त्यांच्या तोंडचं दुसरं वाक्य उचला. रात्री साडेअकराला कुठलीही आई ‘संवादात्मक विकार’ टाइप करत नाही, ती टाइप करते ‘तीन वर्षांचा मुलगा बोलत नाही’. ‘तीन वर्षांचं मूल बोलत नसेल तर कधी दाखवावं’ अशी एक ओळ नोंदीला जोडलेल्या पोस्टमध्ये ठेवा.

नंबर, प्रमाणपत्रं आणि छातीठोक दावे

ज्या शाखांची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे (आरसीआय) होते, म्हणजे स्पीच आणि ऑडिओलॉजी, स्पेशल एज्युकेशन, क्लिनिकल सायकॉलॉजी, कृत्रिम अवयव वगैरे, त्यांनी आपला आरसीआय नंबर वर्णनात ठेवावा आणि नूतनीकरण झालेलं असावं. या परिषदेचा कायदा १९९२ चा आहे, आणि नोंदणीशिवाय हे काम करायला त्यात मनाई आहे. फिजिओ आणि ओटींची महाराष्ट्रात वेगळी राज्य परिषद आहे, त्यांनी तिचा नंबर द्यावा. संस्था असाल तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५० खालचं नोंदणी प्रमाणपत्र आहे का ते पाहा. नीती आयोगाच्या दर्पण पोर्टलवर नोंद असेल तर तिथला पत्ता आणि गूगलवरचा पत्ता एकच आहे ना, तेही पाहा. देणगीदार दोन्ही उघडून बघतात.

सेंटरमध्ये चार माणसं काम करत असतील तर चौघांची पदवी लिहा. बाहेर मोठ्या मॅडमचं नाव आणि आत सहा महिन्यांचा कोर्स केलेली मुलगी, हे पालकांना दुसऱ्या सेशनला कळतं. कोर्स केलेली मुलगी असू दे, चांगली असते बऱ्याचदा. तिला ‘सहायक’ लिहा.

‘१०० टक्के रिझल्ट’, ‘ऑटिझममुक्त करू’, ‘तीन महिन्यांत चालेल’ हे मी टाइप करत नाही. दुकानात असताना केलं आहे, पैसे घेतले आहेत. १९५४ चा औषधी व जादूटोणा उपचार आक्षेपार्ह जाहिरातींचा कायदा आहे, त्याच्या यादीत लकवा, अपस्मार, बहिरेपणा, अंधत्व ही नावं आहेत, त्यांवर बरं करण्याचा दावा करून औषधोपचाराची जाहिरात करता येत नाही. कायदा बाजूला ठेवला तरी, माझ्या मुलीला तीन महिन्यांत चालवतो म्हणणाऱ्या एका माणसाकडे मी तिच्या वयाच्या चौथ्या वर्षी अकरा महिने गेलो आहे. त्याचा फ्लेक्स मी बनवला नव्हता, एवढंच.

फोटो

मुलांचे चेहरे नकोत. थेरपी करताना रडणाऱ्या, लाळ गळणाऱ्या मुलाचा फोटो ‘आधी’ आणि हसणारा ‘नंतर’, असली जोडी तर अजिबात नको. ते मूल उद्या वीस वर्षांचं होईल आणि स्वतःचं नाव शोधेल. पालकांनी व्हॉट्सअॅपवर अंगठा दाखवला म्हणजे परवानगी झाली असं समजू नका. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांच्या पडताळता येईल अशा संमतीची अट आहे. लेखी घ्या, कुठं वापरणार ते लिहा, आणि मागितल्यावर काढून टाका.

मग काय टाकायचं? जे पाहून निघायचं की नाही ते ठरतं ते. रिक्षा थांबते तिथून दिसणारी इमारत. दार, पायऱ्या मोजता येतील असा. लिफ्ट आतून. टॉयलेट, दार उघडं ठेवून. थेरपीची खोली रिकामी, दिवसाच्या उजेडात. बसायची जागा. मोठ्या आवाजाने बिथरणाऱ्या मुलाची आई खोली रस्त्याला लागून आहे का, ट्यूबलाइट आहेत का, हे फोटोतून हेरते. मोबाइल आडवा धरा, भिंग पुसा, आणि गणपतीची आरास काढल्यावर फोटो घ्या. माझी मुलगी पहिला फोटो पायऱ्यांचा शोधते. तो नसेल तर पुढची नोंद उघडते.

चित्रातला मजकूर

ही माझी सगळ्यात मोठी चूक. बोर्डवाला म्हटल्यावर मी सगळं चित्रातच करायचो: वेळापत्रक, दरपत्रक, पत्ता, छान रंगीत जेपीजी. सातपूरच्या एका दृष्टिहीन तरुणाने मला एकदा फोन केला. त्याला आईसाठी फिजिओ हवा होता. म्हणाला, ‘काका, तुमच्या त्या नोंदीत दरपत्रक आहे म्हणे. माझा फोन नुसतं इमेज म्हणतो.’ टॉकबॅक लावलेला मोबाइल टाइप केलेलं मराठी वाचून दाखवतो. चित्रात कोरलेली अक्षरं त्याच्या भरवशावर सोडू नयेत. म्हणजे दिव्यांगांसाठीची माहिती मी दिव्यांगालाच वाचता येणार नाही अशी लावली होती, आणि पैसे घेऊन लावली होती. फ्लेक्सचं चित्र ठेवा हवं तर, पण त्यातला शब्द न् शब्द खाली टाइपही करा.

टाइप करताना युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही मोबाइलवर नीट दिसणाऱ्या अक्षरांत. जुन्या पेजमेकरच्या फायलीतून श्रीलिपी या जुन्या फाँटमधला मजकूर उचलून रकान्यात चिकटवला की नुसता कचरा दिसतो, आणि काही जण तो तसाच प्रसिद्ध करतात. शंका असेल तर मोबाइलवरच मराठी कीबोर्डने नव्याने टाइप करा, वीस मिनिटांचं काम.

आणि ‘अधिक माहितीसाठी फोन करा’ हे कर्णबधिर माणसाला उद्देशून काय म्हणायचं? व्हॉट्सअॅप नंबर द्या आणि शेजारी लिहा: ‘मेसेज केला तरी चालेल, संध्याकाळी सहानंतर उत्तर देतो.’ खुणांची भाषा येणारं कोणी असेल तर तेही. फोन सेशनच्या वेळी उचलता येत नाही हे समजू शकतं, मग फोनची वेळ छापा, दुपारी दोन ते चार म्हणा. ०२५३ चा लँडलाइन बंद केला असेल तर तो सगळीकडून काढा. काही डिरेक्टऱ्यांत पालकाने चौकशी केली की त्याचा नंबर एकाच वेळी पाच सेंटरांकडे जातो. मग तुमचा फोन पालकाला पाचवा असतो आणि ते वैतागलेले असतात. तुम्ही पहिलं वाक्य ‘मुलाचं वय काय?’ असं विचारलंत तर ऐकून घेतात. ‘मॅडम, आमची ऑफर आहे’ म्हणालात की ठेवतात.

मावशी पुरवणाऱ्यांसाठी थोडक्यात

ब्युरोच्या नोंदी सगळ्यात पातळ असतात: ‘पेशंट केअर, बेबी केअर, २४ तास सेवा.’ हे लिहा: १२ तासांची ड्यूटी की २४ तासांची, मावशीचं जेवण कोणाकडे, पुरुष मदतनीस मिळतो का, पलंगावरून खुर्चीत उचलून ठेवायचं काम करतात का, मावशी सुट्टीवर गेली तर बदली कोण आणि किती तासांत. आया आणि नर्स एकच नव्हेत. नळीने जेवण, कॅथेटर असेल तर एएनएम किंवा जीएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली, महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंद असलेली व्यक्ती पाठवता का, ते स्पष्ट सांगा. पोलीस पडताळणी झाली असेल तर लिहा, नसेल तर ‘पूर्ण विश्वासू’ लिहून भागवू नका.

तारे आणि तक्रारी

फीमध्ये सूट देऊन पाच तारे मागू नका, नियमातही बसत नाही आणि वाचताना कळतं. एकाच आठवड्यात वीस जणांनी ‘व्हेरी नाइस सर्व्हिस’ लिहिलेलं असलं की मी पुढे जातो. मागायचंच असेल तर जुन्या पालकांना सांगा, ‘पहिल्या दिवशी काय अडलं आणि काय बरं वाटलं ते लिहा.’

वाईट शेरा आला की रात्री उत्तर देऊ नका. एका सेंटरचं उत्तर मी वाचलं होतं: तुमच्या मुलाला तीव्र ऑटिझम होता, तो चावायचा, तुम्ही घरी काही करत नव्हता. सगळ्या नाशिकला त्या मुलाचं निदान कळलं. तो मुलगा तुमच्याकडे येत होता हेसुद्धा तुम्ही तिथं कबूल करायचं नसतं. एवढं पुरतं: ‘आपण वेळ काढून लिहिलंत, आभारी आहे. आमच्याकडे सेशन उशिरा सुरू व्हायची हे खरं आहे, जूनपासून दोन सेशनच्या मधे १५ मिनिटं मोकळी ठेवली आहेत. मला दुपारी दोन ते चार फोन करा, मी स्वतः बोलेन.’ हे उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढची शंभर माणसं वाचतात.

वही ठेवा

एक साधी वही करा: कुठं कुठं नोंद आहे, कोणत्या ईमेलवर, शेवटचं कधी पाहिलं. जागा बदलली की त्या वहीतल्या सगळ्या नोंदी त्याच दिवशी बदला. जुन्या जागेची नोंद नुसती सोडून दिली तर ती वर्षानुवर्षं माणसं बोलावत राहते. नव्या जागेसाठी दुसरी नोंद काढू नका, जुनीचाच पत्ता बदला, शेरे टिकतात.

मग घरातल्या कोणाच्या तरी हातात मोबाइल द्या, ज्याने तुमचं सेंटर पाहिलेलं नाही. त्याला म्हणा, इथवर ये, मला फोन न करता. तो कुठं अडतो ते खिडकीतून बघा.

सुट्ट्यांचे दिवस वेगळे टाकायची सोय असते, ती वापरा. दिवाळीचे पाच दिवस, रंगपंचमी, आणि तुम्ही पंचवटीत किंवा रामकुंडाच्या आसपास असाल तर २०२७ च्या सिंहस्थातले पर्वणीचे दिवस आतापासून मनात धरा. रस्ते बंद होतील, रिक्षा दारापर्यंत येणार नाही. त्या दिवसांत कोणत्या नाक्यापर्यंत गाडी येते आणि तिथून तुमचा माणूस व्हीलचेअर घ्यायला येतो का, हे पोलिसांचं वाहतुकीचं पत्रक आलं की त्याच दिवशी नोंदीत टाका.